अर्थाची तार

सेल्फ मारला की नुसतं 'टक्' व्हायचं.

दसरा होऊन तिसरा दिवस. सकाळचे सात वाजले असतील. सिद्राम ट्रॅक्टरवर बसला होता आणि मी गोठ्याच्या दारात शेणाचे हात घेऊन उभी होते. त्यानं किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. समोरचा लाल दिवा मिणमिणला नि विझला. तो खाली उतरला, बॅटरीच्या खोक्यावर हात ठेवून उगाच उभा राहिला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी तेवढंच टिपलं. माणूस नजर कधी चुकवतो हे मला कुणी शिकवायला नको, असं मला तेव्हा फार वाटायचं.

माझं नाव शेवंता. मंगळवेढ्याच्या बाजूचं काळं रान आमचं, ज्वारीचं. मालक पुण्याला कारखान्यात, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार. घरी मी आणि मामा, म्हणजे माझे सासरे. सिद्राम आमचा ड्रायव्हर. पाच वर्षं होता. शेजारच्याच वस्तीवर राहायचा, मला वैनी म्हणायचा. ह्या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. तेव्हा मी तिशीची होते आणि संशय घेण्यात कुणाला हार जाणारी नव्हते. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघायची. मालकांचा फोन लवकर ठेवला गेला तर दिवसभर विचार करत बसायची. स्वभावच तसा, आणि त्याचा मला अभिमानही होता. घर बाईच्या जिवावर चालायचं तर डोळे उघडे ठेवायलाच हवेत, असं मी सगळ्यांना ऐकवायची.

तर ट्रॅक्टर. दसऱ्याला पूजा झाली तेव्हा तो कुरकुरत का होईना चालू झाला होता. दुसऱ्या दिवशी चार माणसांनी उतारावर ढकलला तेव्हा कुठं फुरफुरला. पेरणी यंत्र जोडून रानात नेला तर चार्जिंगचा काटा ताप आलेल्या माणसासारखा थरथरायला लागला आणि बांधाला वळताना इंजिन बंद पडलं ते पडलंच; शेडापर्यंत ढकलत आणावा लागला. सपाट रानात ट्रॅक्टर ढकलायचा म्हणजे काय असतं ते ज्यानं ढकललाय त्यालाच माहीत. आणि तेव्हा रानाला वापसा आला होता, पेरणीजोगी ओल धरली होती. काळ्या रानात वापसा आठ-दहा दिवसांचा, तेवढ्यात ज्वारी पडली तर पडली. ओल एकदा खाली गेली की बी नुसतं मातीत पडून राहतं आणि वर्षभर सगळं घर त्याचं तोंड बघत बसतं.

सिद्राम म्हणाला, बॅटरी उतरलीय, चार्जिंगला नेतो. बॅटरी नवी, शिमग्यात घेतलेली. आठ महिन्यांत कशी उतरेल, हे मी तिथंच विचारलं. त्यानं ती गोणपाटात गुंडाळली, एसटीत टाकली नि गेला. जायचं तर मंगळवेढा जवळ. हा गेला सांगोल्याला. आला दिवेलागणीला, गालातल्या गालात हसत, अंगाला पावडरचा वास. सांगोल्याला का गेलास म्हणून मी विचारलं तर म्हणाला, तिथं ओळखीचा आहे. कोण ओळखीचा? तर त्याचा साडू. साडूचा धंदा काय? तर जुन्या बॅटऱ्या घ्यायच्या, विकायच्या.

झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं. नवी बॅटरी साडूच्या दुकानात ठेवली, तिथली कुठली तरी थकलेली आमच्या खोक्यात आणून बसवली. बायको सांगोल्याला माहेरी नुकतीच बाळंत झालेली, खर्च असणारच. नवरात्रात त्यासाठीच तर तो आठ दिवस सांगोल्याला जाऊन आला होता. मी बॅटरी निरखून पाहिली. सगळ्या काळ्या बॅटऱ्या सारख्याच दिसतात, पण मला ती परकी वाटायला लागली. भरून आणलेली म्हणायचा, तरी सकाळी पुन्हा टक्. मग तो म्हणाला, अजून एकदा नेऊन बघतो. ह्या वेळी मी आदल्या संध्याकाळी तिच्या बुडाला खिळ्यानं फुली मारली. संध्याकाळी परत आली तेव्हा फुली होती तिथंच होती. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मी काय म्हटलं, सांगू? म्हटलं, चोरी पहिल्याच फेरीत झाली, आता काय फुली बदलणार.

मी मामांना सांगितलं.

मामा माणूस शांत. देवाचा. नवरात्राचे नऊ दिवस भैरोबाच्या देवळात बसायचे, घरी पाय ठेवायचे नाहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, जाड काचांचा चष्मा पुसला आणि म्हणाले, आपण बोलायचं नाही, मंगळवेढ्याचा दस्तगीर येईल, तो वायरिंगचा माणूस आहे, बॅटरी बदललीय का तो बघून सांगेल. बदललेली निघाली तर सिद्रामला चावडीवर उभा करायचा, नंतर गावात कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग देणार नाही. दस्तगीरला निरोप गेला. पण पेरणीचे दिवस, सगळ्यांचेच ट्रॅक्टर त्याच्यासाठी खोळंबलेले. तो गुरुवारी येतो म्हणाला. म्हणजे चार दिवस.

आपण बोलायचं नाही असं मामा म्हणाले खरे, पण मी पिठाच्या गिरणीवर एका बाईपाशी बोलले. एकीपाशीच. दुसऱ्या दिवशी सिद्राम पारावर गेला तर माणसं सरकून बसली. हॉटेलात त्याला कुणीतरी विचारलं, काय सिद्राम, साडूचा धंदा कसा चाललाय. तो आमच्या शेडात येऊन खाली बसून राहायचा. घरी जा म्हटलं तरी जायचा नाही, वायरी चाचपत राहायचा, फ्यूज काढून फुंकून परत घालायचा. डायनामोचा पट्टा ढिला म्हणून त्यानं आवळला. बॅटरीत पाणी घातलं. काहीच उपयोग झाला नाही. एकदा मी पाण्याची कळशी ठेवायला गेले तेव्हा म्हणाला, "वैनी, मी काय केलंय का?"

मी म्हटलं, "ते दस्तगीर सांगंल."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मामांच्या घरात बाईनं औताला हात लावायचा नाही. नांगराला नाही, कुळवाला नाही, तिफणीला नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी तोही औतातच धरला. मालक लांब राहिल्यामुळं त्या वर्षी कुठं रानाचा कारभार हळूहळू माझ्या हातात यायला लागला होता. काय पेरायचं, कधी पेरायचं, मजूर किती लावायचे, हे मामा मला विचारायला लागले होते. ट्रॅक्टरची किल्ली माझ्या कपाटात असायची. पण हात लावायचा नाही. हात लावला असं कळलं असतं तर किल्ली त्यांच्या पुतण्याकडे गेली असती आणि मी परत चुलीपुढं.

आणि मी हात लावला होता. मामा देवळात, सिद्राम सांगोल्याला, दसरा तोंडावर. खंडेनवमीला सगळ्या गावाचे ट्रॅक्टर चकाचक होणार आणि आमचाच तेवढा गंजलेला, हे मला बघवेना. भर दुपारी शेडाचं दार लोटून मी चार दिवस तो घासला. सोड्याच्या पाण्यानं धुतला. बॅटरी काढून तिच्याखालची पांढरी बुरशी खरवडली. जिथं तिथं बोल्ट होते ते पान्यानं सोडवले, खाली-वर लाल ऑइलपेंट दिला, दोन-दोन हात, आणि वाळल्यावर सगळं होतं तसं घट्ट आवळलं. इतकं मनापासून काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. सिद्राम खंडेनवमीला परतला तेव्हा बघतच राहिला. मी त्याला म्हटलं, मामांनी विचारलं तर तू दिलास म्हणून सांग. तो हसला आणि बरं म्हणाला. दसऱ्याला मामा देवळातून उठून आले, ट्रॅक्टर बघून खूश झाले आणि त्यांनी सिद्रामला नारळ-टॉवेल दिला. त्यानं तो खाली मान घालून घेतला.

गुरुवारी दस्तगीर आला. पन्नाशीचा, दाढी मेंदी लावलेली, स्कूटरला अडकवलेली पिशवी. पाच-सहा माणसं उगाच जमली होती. ती कशासाठी आली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. मामा बाजेवर बसले. मी शेडाच्या दाराशी पदर घेऊन उभी राहिले. सिद्राम एका बाजूला, हात मागं बांधून.

मामांनी एकच विचारलं, बॅटरी बदललीय का. दस्तगीर म्हणाला, बघू की आधी. त्यानं काट्याचा मीटर काढला, त्याच्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. त्या बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या आणि सिद्रामला म्हणाला, सेल्फ मार. टक्. बारावर गेलेला मीटरचा काटा तिथून जेमतेम हलला. दस्तगीरनं परत मारायला लावला. काटा पुन्हा तसाच. मग त्यानं बॅटरी उचलून तिच्या बाजूला ठोकलेला नंबर वाचला, मामांनी आणलेल्या गॅरंटीच्या कार्डाशी ताडून पाहिला आणि म्हणाला, "हीच हाय. तुमचीच. जुनी असती तर सेल्फ मारल्याबरोबर काटा आडवा पडला असता. ही पैलवान हाय."

मी सांगते, मला आनंद नाही झाला. मला राग आला. चार दिवस एक गोष्ट मनात धरून ठेवायची आणि कुणी दोन वायरी लावून ती खोटी पाडायची. मी मनात म्हटलं, ह्यालाही सांगोल्याच्या साडूनं सांगून ठेवलं असणार. सिद्राम मात्र खाली बसला. जमलेल्यांतला एकजण खाकरला नि निघून गेला.

मामांनी विचारलं, मग जोर जातो कुठं? दस्तगीरनं आता मीटरची एक वायर बॅटरीच्या काळ्या टोकाला धरली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. इथं काटा हलायला नको, म्हणाला. सेल्फ मारायला लावला तर काटा उडून दहावर गेला. दस्तगीरनं जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"ह्याला अर्थच न्हाई, मामा."

मामा गडबडले. सहा वर्षांच्या ट्रॅक्टरला अर्थ नाही म्हणजे काय, मोडीत काढायचा का, असं त्यांनी विचारलं. मलाही तसंच वाटलं. दस्तगीर इतका हसला की त्याला मीटर खाली ठेवावा लागला. मग त्यानं समजावलं. बॅटरीतून करंट लाल वायरनं निघतो, सेल्फपाशी जाऊन काम करतो आणि लोखंडातून माघारी येतो. माघारी यायची जी तार, म्हणजे ही बॅटरीपासून चासीच्या सांगाड्याला आवळलेली जाड पट्टी, तिला आमच्यात अर्थ म्हणतात, अर्थिंगचा अर्थ. ती वाट बंद असली की बॅटरी गच्च भरलेली असून उपयोग नाही. डायनामोचं चार्जिंगही त्याच वाटेनं, म्हणून काटा थरथरतो. बॅटरीत खोट नाही, डायनामोत नाही. खोट असेल तर तिथं.

त्यानं पिशवीतून एक जाड वायर काढली, बॅटरीचं काळं टोक नि इंजिन तिनं जोडून धरलं. सिद्राम सीटवर चढला. किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात धडधडलं. शेडात डिझेलचा धूर भरला. चार दिवसांत पहिल्यांदा तो हसला, अगदी दात दाखवून. मामाही हसले. मी पण हसले असेन.

इंजिन बंद करून दस्तगीरनं पाना घेतला, पट्टीचा बोल्ट सोडला आणि पट्टी उचलून बाजूला केली. तिच्याखाली लोखंड दिसायला हवं होतं. तिथं रंग होता. लाल, गुळगुळीत, जाड, आणि त्यात अडकलेला ब्रशाचा एक केस. माझ्या ब्रशाचा. पट्टीच्या पोटालाही तोच रंग. मी इतकं मन लावून दिला होता की दोन्ही बाजूंनी लोखंडाचा कण उघडा ठेवला नव्हता.

"आतापर्यंत बोल्टाच्या आट्यांतून थोडं थोडं जात होतं, तेबी गेलं," दस्तगीर म्हणाला. "देवाला शेंदूर फासल्यागत फासलाय. कुणी केलं हे?"

सगळे मामांकडे बघायला लागले आणि मामा सिद्रामकडे. त्यांनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं, "रंग तूच दिला होतास न्हवं?"

सिद्रामनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी नजर चुकवणारा माणूस मला दिसला होता ना, त्याच माणसानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि खूप वेळ बघितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मला पुतण्या दिसत होता, कपाटातली किल्ली दिसत होती. मी काही बोलले नाही.

"व्हय," सिद्राम म्हणाला. "मीच दिला. चुकलं माझं."

मामांनी त्याला भरपूर ऐकवलं. अकलेचा कांदा म्हणाले, आठवडाभराचा वापसा घालवलास म्हणाले. जमलेली माणसं हसली. दस्तगीरनं पॉलिश पेपरनं रंग खरवडला, लोखंड पांढरं केलं, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम.

त्या दुपारपासून पेरणी सुरू झाली. सिद्रामनं दोन दिवसांत सगळं रान उरकलं. जेवायलाही बांधावरच थांबायचा. आणि ते दोन दिवस मी काय करत होते? मी हिशेब मांडत होते, की आता हा काय मागणार. फुकट कुणी कुणाचं पाप अंगावर घेत नाही. बायको बाळंत आहे, धान्य मागेल. पगार वाढवून मागेल. नाहीतर काहीच मागणार नाही, नुसतं गालात हसेल आणि जन्मभर मला दाबून ठेवेल. भाकरी घेऊन गेले की मी त्याचं तोंड निरखायची. तो भाकरी खाऊन हात धुवायचा नि परत सीटवर चढायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यापाशी आला. मामा देवाला गेले होते. त्यानं किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, सांगोल्याला जातो, साडूनं काम बघितलंय, त्या दिवशी बॅटरी घेऊन साडूसाठी नव्हतो गेलो, बाळाला बघायला गेलो होतो, पण आता त्यालाच विचारलं. माझी खात्रीच पटली. ही मागण्याची रीत. जातो म्हणायचं, म्हणजे समोरचा विचारतो, काय हवं तुला.

म्हणून मी सरळच विचारलं. "रंगाचं तू माझ्यासाठी अंगावर घेतलंस. त्याचं काय पाहिजे तुला, सांगून टाक."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हा शिव्या देईल. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्यासाठी न्हाई घेतलं, वैनी," तो म्हणाला. "चार दिवस मी चोर हुतो. दस्तगीरनं बॅटरी तुमचीच म्हणल्यावर सुटलो. तेवढ्यात रंग निघाला. तवा मी 'वैनीनं दिला' म्हणलो असतो, तर कोण खरं मानणार हुतं? परत खोटारडा झालो असतो. त्यापरीस येडा बरा. येड्याला कोण चावडीवर नेत न्हाई." मग म्हणाला, "तुम्ही तिथंच हुता. मी तुमची वाट बघितली."

एवढं बोलून तो गेला. वळला नाही. माझ्या तोंडून थांब हा शब्द निघाला नाही, चुकले हा तर नाहीच. पुढची पंधरा वर्षं ट्रॅक्टरची किल्ली माझ्याच कपाटात राहिली. सगळा तालुका मला कर्तबगार बाई म्हणायचा. मामा सुखानं गेले, आणि त्यांना अखेरपर्यंत वाटत होतं की रंग सिद्रामनं दिला.

त्यांना सांगायला तेव्हाच जमलं असतं, सिद्राम फाट्यापर्यंतही पोचला नसेल. मामा देवळातून आले, किल्ली बघितली, म्हणाले, हा कुठं गेला? मी म्हटलं, गेला सोडून. मामा नुसतं हं म्हणाले. बाकीच्या गावानं मात्र लगेच अर्थ लावला. उगाच कशाला कोण चालतं काम सोडतंय, काहीतरी केलं असणार, बॅटरी नसेल तर दुसरं काही. गिरणीवर दळण घेऊन गेले की बायका मला गाठायच्या. नक्की काय नेलं गं त्यानं, विचारायच्या. मी पिठाचा डबा डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, मला काय माहीत, बाई.